स्टँडबाय पंप कुणाचा?

आमच्या इमारतीच्या तळघरात दोन चिलर आहेत आणि त्यांचं थंड पाणी वर मजल्यांवर फिरवणारे तीन पंप. दोन चालू, एक स्टँडबाय. पुण्याच्या आयटी पार्कातल्या मोठ्या इमारतींत साधारण अशीच मांडणी दिसते. या प्लँटचं डिजिटल ट्विन उभं करायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे प्रत्येक यंत्र, त्याची मापं आणि कोण कुणाला जोडलेलं आहे हे संगणकाला कळेल अशा भाषेत लिहून काढायचं. आम्ही निवडलेली भाषा डीटीडीएल, म्हणजे डिजिटल ट्विन्स डेफिनिशन लँग्वेज. ती मायक्रोसॉफ्टनं जेसन-एलडीवर बांधली आहे आणि त्यांची अॅझ्युर डिजिटल ट्विन्स ही सेवा ती वापरते. मी व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये डीटीडीएलचं एक्स्टेन्शन टाकलं आणि कामाला लागले.

जेसन हातानं लिहिणं कंटाळवाणं असतं. महिरपी कंस, चौकटी कंस, अवतरण चिन्हं, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी लागतं. एक्स्टेन्शन नवीन इंटरफेसचा, म्हणजे एका प्रकारच्या यंत्राच्या मॉडेलचा, सांगाडा तयार करून देतं. त्यात वर मॉडेलची ओळख येते: सुरुवातीला डीटीएमआय, मग अपूर्णविरामांनी जोडलेली नावं, शेवटी अर्धविराम आणि आवृत्तीचा आकडा. मग आत एकेक गोष्ट भरायला लागलं की प्रकारांची यादी खाली उघडते: प्रॉपर्टी, टेलिमेट्री, कमांड, रिलेशनशिप, कंपोनंट. एखादी आवश्यक ओळ राहिली की खाली लाल नागमोडी रेघ येते आणि तिच्यावर माउस नेला की काय राहिलं ते वाचता येतं.

या यादीचा खरा उपयोग मला प्लँटरूममध्ये कळला. आमचे प्लँट सुपरवायझर काका तिथं प्लँट सुरू झाल्यापासून आहेत. प्रोग्रॅमिंगशी त्यांचा काही संबंध नाही. मी लॅपटॉप पॅनेलशेजारच्या टेबलावर ठेवून फाइल भरत होते, ते लॉगबुक लिहिता लिहिता बघत होते. यादी उघडली तशी त्यांनी बोट ठेवून विचारलं, “मॅडम, यातलं कंपोनंट आणि रिलेशनशिप वेगळं कशानं?”

मी सांगितलं: कंपोनंट म्हणजे यंत्राच्या पोटातला भाग. त्याचं वेगळं अस्तित्व नाही, मालक काढला की तोही जातो. रिलेशनशिप म्हणजे दोन स्वतंत्र गोष्टींमधला दुवा. पंप चिलरचा कंपोनंट करता येतो, किंवा स्वतंत्र लिहून चिलरला जोडताही येतो. काकांनी पेन खाली ठेवलं. “मग तिसरा पंप कुणाच्या पोटात घालणार? तो दोघांचा आहे. खरं तर तो दोघांचाही नाही, तो हेडरवर आहे.”

हेडर म्हणजे तिन्ही पंपांचं पाणी एकत्र येतं तो जाड पाइप. तिथून ते दोन्ही चिलरना वाटलं जातं. उपकरणांच्या यादीत हेडर नव्हता, कारण त्याला मोटर नाही, नेमप्लेट नाही, वॉरंटी नाही. पण स्टँडबाय पंप कुठल्याही चिलरसाठी चालू करता येतो तो या पाइपमुळेच. आम्ही हेडरचं स्वतंत्र इंटरफेस लिहिलं. पंप हेडरला पाणी देतो, हेडर चिलरना देतो, अशा दोन रिलेशनशिप झाल्या. पंपाला कुणाच्या पोटात जावं लागलं नाही. एक्स्टेन्शनला दोन्ही मांडण्या सारख्याच बरोबर वाटल्या असत्या, दोन्हींत एकही लाल रेघ नसती. पण हा प्रश्न प्लँट चालवणाऱ्या माणसाला विचारता येईल इतक्या सोप्या रूपात समोर आला तो त्या पाच शब्दांच्या यादीमुळे, आणि म्हणून मला हे साधन मनापासून आवडतं.

डिजिटल ट्विनची कल्पना मायकल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मांडली ती कारखान्यात बनणाऱ्या उत्पादनासाठी. उत्पादनाची ड्रॉइंग्ज बनवणाऱ्याकडे असतात. इमारतीच्या प्लँटचं तसं नसतं. चिलर एका कंपनीचा, पंप दुसरीचे, पाइपिंग तिसऱ्याच कुणाचं, आणि नंतर बदललेला व्हॉल्व्ह फक्त ऑपरेटरच्या लक्षात. त्यामुळे मॉडेल लिहिणाऱ्यानं प्लँटरूममध्ये बसूनच लिहावं, असं मी आता आग्रहानं म्हणते.

पुढचा मुद्दा तापमानाचा. चिलरमधून पाणी साधारण ७ अंशांना निघतं आणि १२ अंशांना परत येतं, निदान कागदावर तरी. सेन्सरचं वाचन म्हणजे टेलिमेट्री, हे कुणालाही सहज सुचतं. पण अॅझ्युर डिजिटल ट्विन्समध्ये टेलिमेट्री ट्विनवर साठत नाही, घटनांसारखी वाहून जाते. काकांना तर हवं होतं “आत्ता किती आहे” याचं उत्तर. ते हवं तर वाचन प्रॉपर्टीत ठेवावं लागतं. कमांडचा प्रकार भाषेत आहे, पण ही सेवा तो वापरत नाही, तेव्हा पंप चालू-बंद करणं आमच्या मॉडेलच्या बाहेरच राहिलं. काकांना त्यात समाधानच वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ एककांवर गेला. डीटीडीएलमध्ये तापमान, दाब, शक्ती अशा राशींचे प्रकार आणि त्यांची एककं ठरलेली आहेत. अंश सेल्सिअस आहे, बार आहे, किलोपास्कल आहे, पीएसआय आहे. आमच्या पंपांवरचे गेज मात्र केजी पर चौरस सेंटिमीटर दाखवतात, आणि लॉगबुकचा तो रकानाही तसाच. ते एकक दाबाच्या यादीत नाही. चिलरची क्षमता सगळे टीआरमध्ये, म्हणजे टन रेफ्रिजरेशनमध्ये, बोलतात, तोही शक्तीच्या यादीत नाही. मग दाब बारमध्ये घेतला, केजीच्या आकड्याला ०.९८१ नं गुणून. क्षमता किलोवॉटमध्ये घेतली, एक टीआर म्हणजे ३.५१७ किलोवॉट. वर्णनाच्या ओळीत मूळ एकक कुठलं होतं ते लिहून ठेवलं. बार आणि केजीत फरक दोन टक्क्यांचाच. तो डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून तर लिहून ठेवणं जास्त गरजेचं. वर्षभरानं गेज आणि स्क्रीन शेजारी ठेवून कुणीतरी विचारणारच.

नावांबाबत भाषा कडक आहे: इंग्रजी अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर, बस. पण दर्शनी नाव आणि वर्णन अनेक भाषांत देता येतं, भाषेचा संकेत लिहून. मराठीचा संकेत एमआर. आम्ही प्रत्येक यंत्राला इंग्रजीसोबत मराठी दर्शनी नावही दिलं आणि ती सगळी नावं शिफ्टमधल्या मुलांनी सांगितली. ‘जिन्याखालचा पंप’ हे नाव कुठल्याही ड्रॉइंगवर सापडणार नाही. रात्री अलार्म आला की फोनवर मात्र हेच बोललं जातं.

एका गोष्टीत एक्स्टेन्शन कमी पडतं. त्याची तपासणी उघडलेल्या फाइलपुरती. हेडरच्या फाइलमध्ये चिलरची जी ओळख लिहिली आहे, ती ओळख असलेलं मॉडेल खरंच आहे का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टची वेगळी पार्सर लायब्ररी सगळ्या फायलींवर एकत्र चालवावी लागते. हे महत्त्वाचं अशासाठी की एकदा अॅझ्युरवर चढवलेलं मॉडेल बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर आकडा वाढवून नवी आवृत्ती चढवायची आणि जुनी निवृत्त करायची, म्हणजे तिच्यावरून नवे ट्विन बनत नाहीत. पूर्ण फोल्डर वाचून लिहितानाच सांगणारं एक्स्टेन्शन मला हवं आहे, कारण प्लँटरूममध्ये पार्सर चालवायला कुणी बसत नाही.

आता कूलिंग टॉवरची फाइल दुसऱ्या शिफ्टचा एक मुलगा लिहितो आहे, आयटीआय झालेला. काल त्याचा फोन आला: पंख्याची मोटर टॉवरचा कंपोनंट करू की वेगळी? मी त्याला विचारलं, मोटर जळली की रिवाइंडिंगला जाते आणि दुसऱ्या टॉवरची इकडे लावता का? म्हणाला, लावतो. मग वेगळी लिही, म्हटलं.