परत इंदूरच?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "काय सर, यंदा पण इंदूरच?" कुणी केरळला निघालेलं असतं, कुणी राजस्थानला. मी मात्र बेळगावहून पुणे, पुण्याहून इंदूर हीच तिकिटं काढून मोकळा होतो. बरोबर दोन किलो कुंदा.

पहिल्यांदा गेलो 1997 साली. अक्काचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. दिवाळसण आटोपून तिला पोचवायला मी गेलो. तेव्हा मी बारावीत होतो. नवं गाव बघायच्या हौसेनं चार दिवसांत सगळं उरकलं. सात मजली राजवाडा, भिंतीपासून छतापर्यंत काचाच काचा असलेलं शेठ हुकुमचंदांचं काच मंदिर, लालबाग. परत येताना वाटलं, झालं, इंदूर बघून संपलं!

संपलं कुठलं? त्यानंतर वीसेक वेळा तरी गेलो असेन. एकाच गावी पुन्हा पुन्हा जाण्यात एक वेगळंच सुख असतं. काही बघायची घाई नसते. सकाळी उठून कोपऱ्यावर जायचं, वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जिरावन मसाला, शेजारी गरम जिलबी. पहिल्या वर्षी मला हे लग्न काही पटलं नव्हतं. पोहे आणि जिलबी एका ताटलीत? आता बेळगावात रविवारी पोहे केले की आमच्या घरी कुणीतरी जिलबी आणायला निघतंच.

रात्री सराफा. दिवसा सोन्या-चांदीचे व्यवहार चालतात, दुकानं बंद झाली की त्याच गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. कोवळा मका किसून दुधात शिजवलेला भुट्टे का कीस, थंडी पडू लागली की तळलेले गराडू. मध्यरात्र उलटली तरी बायका-मुलांसकट माणसं निवांत खात असतात आणि रिकामा द्रोण आठवणीनं कचरापेटीत टाकतात. 2017 पासून हे शहर स्वच्छतेत देशात ओळीनं पहिलं येत गेलं, ते अशा सवयींमुळे.

आपल्यासारख्या सीमाभागातल्या माणसाला तिथं आणखी एक गोष्ट सुखावते. राजवाड्यापासून अक्काच्या रामबागेपर्यंत मराठी कानावर पडते. होळकरांबरोबर अठराव्या शतकात मराठी माणसं माळव्यात गेली. चौंडीची लेक अहिल्याबाई 1795 पर्यंत महेश्वरहून राज्य करत होती. ती मराठी तिथं हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसली आहे. आमचे दाजी म्हणतात, "काय करून राहिलाय भिया?" अर्धं मराठी, अर्धं इंदुरी. कुणी कुणाला 'तुमची भाषा कुठली' म्हणून विचारत नाही. राहुल द्रविड 1973 साली याच इंदुरात जन्मला आणि बेंगळुरूत वाढला. घरात मराठी, बाहेर कन्नड. म्हणजे आपल्यातलाच की!

पण खरं कारण यातलं कुठलंच नाही. ते मला उशिरा कळलं.

आमच्या आईचं माहेर बैलहोंगलचं. आम्ही तिला अव्वाच म्हणायचो. वडिलांशी मराठी, अव्वाशी कन्नड, असं आमचं घर. अक्का इंदूरला गेली आणि तिच्या संसारात मराठी होती, हिंदी होती, कन्नड मात्र नव्हतं. दर रविवारी अव्वाचा फोन, तेवढाच तास तिचा कन्नडाचा. 2018 साली अव्वा गेली आणि तो फोनही थांबला.

त्या वर्षी दिवाळीत आम्ही दोघं भाजीला गेलो होतो. शेवग्याच्या शेंगा दिसल्या. "इथं ह्याला सुरजना म्हणतात," अक्का म्हणाली आणि मधेच थांबली. "अरे, अव्वा काय म्हणायची रे ह्याला?" मी म्हटलं, "नुग्गीकायी." ती हसली. मग घरी पोचेपर्यंत काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, देवासला जाऊन येऊ. इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटर. कुमार गंधर्वांचं 'भानुकुल' तिथं माताजीच्या टेकडीखाली आहे. शिवपुत्र कोमकाळीमठ हे आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, जन्म 1924 चा. क्षयानं आजारी पडल्यावर हवापालटासाठी 1948 च्या सुमारास देवासला गेले आणि 1992 मध्ये जाईपर्यंत तिथलेच झाले. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली आणि पुढं ती आपल्या गाण्यात आणली. मी अक्काला हे सगळं मास्तरकीच्या थाटात सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढी वर्षं त्यांच्याशी इथं कन्नडात कोण बोलत असेल रे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण त्या दिवसापासून आम्हा दोघांत न बोलता एक ठरलं. मी गेलो की आठ दिवस आमचं कन्नड. पोहे खाताना कन्नड, सराफ्यात कन्नड, जिलबी जास्त झाली की "साक, साक!" दाजी वैतागतात, "आम्हाला पण सांगा ना भिया!" भाचीनं मात्र वहीत शब्द लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. मागच्या वेळी तिनं मला जिन्यावरूनच विचारलं, "ऊटा आता मामा?" उच्चार पक्का माळवी!

म्हणून यंदा पण इंदूरच. राजवाडा बघायचा राहिलेला नाही, काच मंदिरही नाही. गाडी स्टेशनात शिरताना दारात उभं राहायचं. फलाटावर माळव्याच्या गर्दीत एक बाई हात वर करून ओरडत असते, "बंदेनो तम्मा?" आणि आजूबाजूचे लोक वळून बघतात, ही कुठली भाषा म्हणून.