आवाजाचा जमाखर्च

परमुलखात चाकरी करणाऱ्या मनुष्यास दोन हिशेब लवकर शिकावे लागतात. पगार किती, हा एक; आणि तो महिन्याच्या कोणत्या तारखेपर्यंत पुरतो, हा दुसरा. पहिला हिशेब कागदावर असतो, दुसरा किराणा दुकानदाराच्या चेहऱ्यावर वाचावा लागतो. आवाजाचाही असाच जमाखर्च असतो आणि तोदेखील दोन वह्यांत मांडावा लागतो, हे आम्हांस ओरत्तनाडु येथे बदली झाल्यावर उमगले.

ओरत्तनाडु हे तंजावराहून पट्टुक्कोट्टैला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. सभोवार भाताची खाचरे, त्यांपलीकडे नारळीच्या बागा. मराठी माणसास येथे पाहण्यासारखे म्हणजे मुक्तांबाळ छत्र. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबाच्या स्मरणार्थ ते उभारले; रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न व आसरा मिळे. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले, छत्र मात्र उभे राहिले. बदलीचा हुकूम हाती पडला त्या दिवशी या गावाचे नावही आम्हांस नीट उच्चारता येत नव्हते. येथे आल्यावर आपल्याच कोणाच्या तरी घरासमोर येऊन उभे राहिल्यासारखे वाटले.

आमच्या बिऱ्हाडाच्या गल्लीत एक तरुण राहतो. वयाने पंचविशीच्या आतबाहेर; सारी गल्ली त्यास तंबी म्हणते, आम्हीही म्हणतो. लग्ने, देवळांचे उत्सव, सभा यांना कर्णे व ध्वनिक्षेपक पुरविण्याचा त्याच्या वडिलांचा धंदा होता. वडील गेले; मागे राहिली त्याची आई आणि एक लहान मालमोटार. ज्या गाडीला आपल्याकडे 'छोटा हाथी' म्हणतात, तिलाच हे लोक 'कुट्टि यानै' म्हणतात, अर्थ तोच. भाषा बदलली तरी हत्ती हत्तीच राहिला, याची आम्हांस मौज वाटली.

या हत्तीचे गल्लीवर ऋण आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गज' नावाचे चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. नारळीची असंख्य झाडे मुळासकट उलथली, विजेचे खांब कोलमडले आणि कित्येक गावे दिवसच्या दिवस अंधारात राहिली. आम्ही तेव्हा येथे नव्हतो. पण शेजारी सांगतात की, तंबीच्या वडिलांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून तिच्या बॅटरीवर सर्वांचे मोबाइल भारून दिले. परगावच्या लेकी-सुनांना खुशालीचे निरोप गेले ते त्या गाडीच्या जिवावर. म्हणून ती गाडी विकण्याचा विषय निघाला की तंबीची आई उठून आत जाते.

गेल्या फाल्गुनात, म्हणजे येथील पंगुनी महिन्याच्या तोंडावर, तंबीस देवळाच्या मिरवणुकीचे काम मिळाले. आवाज मोठा हवा, ही अट होती. त्याने उसनवारी करून दोन अॅम्प्लिफायर आणले आणि आम्ही पदार्थविज्ञानाचे पदवीधर आहोत हे ठाऊक असल्यामुळे संध्याकाळी येऊन म्हणाला, "सार, हे जोडले तर गाडी पेट घेईल, असे आई म्हणते. तुम्ही तिला समजावून सांगा."

आम्ही कागद घेऊन बसलो. पेटीवर पाच हजार वॅट असे ठळक छापले होते. परंतु ते नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातले. खरी सलग शक्ती दोन्ही मिळून दोन हजार वॅट. अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी काही उष्णतेत घालवतो, म्हणून दोन हजार द्यावयाचे तर सुमारे अडीच हजार घ्यावे लागतात. गाडीची वीज चालत्या इंजिनावर १३.८ व्होल्टांची, भागाकार केला तर १८० अँपिअर. गाडीतील अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज निर्माण करणारे यंत्र, सत्तर अँपिअरचे.

"पण सार, गाणे काही सतत गरजत नाही," तंबी म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. सरासरी मागणी शिखराच्या तृतीयांश धरली तरी साठ अँपिअर होतात. गाडीचे स्वतःचे दहा. एकूण सत्तर, हिशेब तंतोतंत जुळला, असे त्यास वाटले. येथेच दुसरी वही उघडावी लागते. अल्टरनेटरचे सत्तर हे इंजिन वेगाने फिरत असतानाचे. मिरवणुकीत गाडी मुंगीच्या पावलाने जाते, इंजिन नुसते धुगधुगत असते आणि तेव्हा निम्मीदेखील वीज मिळत नाही. म्हणजे खर्च सर्वांत जास्त असतो तेव्हाच प्राप्ती सर्वांत कमी! उरलेली तूट बॅटरी भरून काढते. बॅटरी ही शिल्लक. अल्टरनेटर हा पगार. पन्नास अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मेच काढावे, नाही तर ती कायमची खंगते. सारा हिशेब करता ती जेमतेम पाऊण तास पुरली असती. मिरवणूक होती चार तासांची.

बाजारात एकाने त्यास मोठा कपॅसिटर बसविण्याचा सल्ला दिला होता. तो म्हणजे शेजाऱ्याकडून घेतलेली वाटीभर साखर. ढोलाच्या एका ठोक्यापुरती निभते, महिन्याचे वाणसामान त्यातून होत नाही.

राहिली आईची भीती. ती तर सर्वांत खरी होती. बॅटरीपासून हौद्यातील अॅम्प्लिफायरपर्यंत पाच मीटर तार, दहा चौरस मिलिमीटर जाडीची. तीतून १८० अँपिअर नेले तर दीड व्होल्ट वाटेतच जिरतो आणि तार सुमारे २८० वॅटांची शेगडी होते. तीच तार पन्नास चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची घेतली तर ही उष्णता एक-पंचमांश होते. वरून तांबे व आतून अॅल्युमिनियम अशी स्वस्त तारही मिळते. तिचा रोध अधिक. शिवाय बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. पत्र्याच्या कडेने तार घासून उघडी पडली, तर बॅटरीची सारी शक्ती त्या एका बिंदूवर लोटते. फ्यूज तारेच्या पलीकडच्या टोकास असला तर तो पाहत राहतो आणि तार जळते.

तंबी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सार, तारेचा आवाज कोणाला ऐकू येतो?"

हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. लोक पैसे देतात ते कर्ण्यांचे. तारेचे कोणी देत नाही. कचेरीतही ज्याच्या टिपणावर कारभार चालतो त्याची सही शेवटच्या पानावर नसते. पण तंबीचा प्रश्न तक्रारीचा नव्हता, पैशाचा होता. दोन्ही गोष्टींना पुरेल एवढा पैसा त्याच्याजवळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याने एक अॅम्प्लिफायर विकला. त्या पैशांत जाड तार, फ्यूज, दुसरी बॅटरी आणि १२० अँपिअरचा अल्टरनेटर आला. पट्टुक्कोट्टै रस्त्यावरच्या एका वयस्क मेकॅनिकने, ज्यांस तंबी अण्णा म्हणतो, अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते सांगाडा आणि इंजिन ते सांगाडा अशा तिन्ही जोडण्या नव्या केल्या. बूड खरवडून, रंग काढून, उघड्या लोखंडावर. आता सरासरी मागणी चाळीस अँपिअरच्या घरात आली आणि धुगधुगत्या इंजिनावरही ती भागू लागली. देवळाच्या पंचांना आवाज निम्मा होणार याची धास्ती होती. वस्तुतः शक्ती निम्मी केली तरी आवाज तीनच डेसिबेलांनी उतरतो. कानास तो थोडासाच कमी भासतो.

मिरवणुकीच्या रात्री आम्ही गाडीच्या मागोमाग चाललो होतो. तंबीची आई दाराशी उभी होती. गाडी पुढे जाईतो तिची नजर तारांवरून हलली नाही. मग भजनी मंडळ गाऊ लागले, आणि त्या तमिळ कंठांतून एकाएकी अभंग आला. मराठी राजवटीत या मुलखात रुजलेले कीर्तन-भजन अद्याप मावळलेले नाही. येथील भजनांत अभंग गातात, हे आम्ही ऐकून होतो. उच्चार वळणाचे होते, 'विठ्ठल' मात्र स्वच्छ होता. आवाज कोठेही फाटला नाही, दिवे मंदावले नाहीत. तंबीच्या मापकावर आकडा तेरांच्या खाली गेला नाही. दहाच्या ठोक्याला, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे, त्याने कर्णे बंद केले. पुढची वाट लोकांनी नुसत्या टाळांवर काढली.

उसनवारी फिटावयास अजून अवकाश आहे, आणि मोठ्या आवाजाची कामे मोठ्या जनित्रवाल्यांकडेच जातात. तरीही तंबी खंतावलेला दिसत नाही. दूरवर पसरलेल्या आपल्या मराठी मंडळींचा विचार मनात आला की आम्हांस त्याची ती तार आठवते. स्वतः न गाता दुसऱ्याचे गाणे न जळता पोचविणे, हेही काम कोणीतरी करावेच लागते.