काळ्या दगडाचं अंग

तुमच्या फ्लॅटमध्ये किती राज्यं राहतात, मोजलंय कधी? ओट्याला कडप्पा, म्हणजे आंध्र. हॉलमध्ये कोटा, म्हणजे राजस्थान. बाल्कनीत शहाबादी, म्हणजे कर्नाटक. आणि आपल्या सह्याद्रीचा काळा दगड? तोही आहे ना... स्लॅबच्या पोटात, खडी होऊन!

हा दगड तसा जाम अवघड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. थंड होताना त्याला चिरा पडल्या, वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिली. त्यामुळे ग्रॅनाइटसारख्या मोठ्या, सलग लाद्या त्यातून सहजी निघत नाहीत. त्याला माणसाचा हातच मानवतो. खोटं वाटत असेल तर एखाद्या शनिवारी पुणे-सातारा हायवे पकडा आणि साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्याला वळा.

लिंबची बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. अष्टकोनी, शंभर फुटांहून खोल आणि पोटात चक्क महाल! पब्लिक कोरीव शिल्पांसमोर सेल्फी काढतं. काढा की, पण नंतर भिंतीवरून हात फिरवा. चिऱ्यांच्या तोंडावर बारीक बारीक खळगे लागतात. ते टाकीचे घाव. मी दोन चिऱ्यांच्या फटीत एटीएम कार्ड सरकवून पाहिलं. बऱ्याच ठिकाणी आत जाईना.

हे जमतं कसं, ते कळलं थेट पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळल्यावर. रस्त्याकडेला ताडपत्रीच्या सावलीत एक वडार कुटुंब पाटे-वरवंटे घडवत बसलं होतं. मी बाइक लावली. ‘‘मामा, बघत बसलो तर चालेल का?’’

‘‘बसा की पावणं. बघायला पैसं पडत न्हाईत.’’

मामा आधी दगडावर हातोडीनं टकटक करतात. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत चीर, बाजूला टाका. ‘‘दगडाला बी अंग असतंय. अंगानं मारलं तर सरळ चिरतंय. आडवं मारलं की ढलप्या उडत्यात.’’ खाणीतही हीच ट्रिक. हव्या त्या रेषेवर ओळीनं भोकं पाडायची, त्यात लोखंडी पाचरी बसवायच्या आणि घणानं एकेक करत सगळ्या ठोकत जायचं. एकीवरच जोर दिला तर दगड भलतीकडे फुटतो. पुरेसा ताण बसला की आवाज बदलतो आणि ओळीबरोबर चीर धावते. मग सुतकीनं कोपरे उडवायचे, गुण्या लावून काटकोन बघायचा, छिन्नीनं तासायचं आणि शेवटी टाकी. पाट्याचे ते खळगे झिजले की मिरची वाटली जात नाही, नुसती घसरते. म्हणून पूर्वी दारावर ‘पाट्याला टाकीऽऽ’ अशी हाळी यायची. मिक्सर आला आणि ती गेली.

शेजारी मावशी वरवंट्याला गोलाई देत होत्या. हातावर पांढऱ्या ओरखड्यांची जाळी, डोळ्यांवर साधा चष्मासुद्धा नाही. ‘‘पोरगं क्रशरवर हाय,’’ मामा म्हणाले, ‘‘महिन्याला पगार मिळतोय, धूळ बी मिळतीया. हे काम त्येला येतंय, पण करत न्हाई.’’

करावं तरी कशाला? क्रशरवर सगळं सुपरफास्ट. ड्रिल, सुरुंग, पोकलेन आणि संध्याकाळपर्यंत डंपरच्या डंपर खडी, कच, क्रश सँड. तिथे दगडाला अंग आहे की नाही, कोण विचारतो? मला त्या पोराला नावं ठेवता येत नाहीत. महिन्याच्या पगाराची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको!

सांगलीत पोचलात की कृष्णाकाठचं गणपती मंदिर बघा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकात बांधवलेलं. काळा दगड जोतिबाच्या डोंगरातला. मामांकडून धडा घेऊन गेलात तर नमस्काराआधी नजर दगडांच्या सांध्यांकडे जाईल, गॅरंटी.

पाटा मी घेतलाच. बाइकवर आणताना कंबरेचं काय झालं ते विचारू नका. तुम्ही घेणार असाल तर मावशींची टिप: नव्या पाट्यावर आधी मूठभर तांदूळ वाटायचे आणि फेकून द्यायचे. असं तीनदा तरी. नाहीतर पहिल्या चटणीत कच येते.