चैत्रातली राई

भीमाशंकरच्या उत्तरेला, घाटमाथ्यावर एक देवराई आहे. चैत्रात तिथे अंजनी फुलते. फांद्यांना निळे-जांभळे झुबके चिकटलेले असतात. पूर्वी शेवटच्या वाडीपासून चालत यावे लागे. आता गाडी राईच्या तोंडाशी थांबते.

पायताण दोन उभ्या दगडांपाशी काढत. एक दगड रस्त्याच्या भरावात गेला. दुसऱ्यावर गाडी लावू नये अशी सूचना रंगवली आहे.

देव म्हणजे शेंदूर फासलेला तांदळा. त्यावर छप्पर नव्हते. आता स्लॅब आहे, खाली फरशी, समोर संगमरवरी मूर्ती. तांदळा मूर्तीच्या मागे आहे. वाकून पाहिले तर दिसतो. स्लॅबसाठी चार झाडे गेली. आधी कौल लावला होता म्हणतात. देवाने उजवा दिला.

राईतली काटकीही घरी न्यायची नाही, असा नियम होता. पडलेले झाड पडल्या जागी कुजे. आता ते उत्सवाच्या जेवणाला सरपण होते. नियम मोडला असे कोणी मानत नाही, कारण जेवण देवाचेच असते.

काठाने करवंदीच्या जाळ्या होत्या. तिथे घाणेरी आहे, तिच्यामागे रानमोडी. करवंदे पानांच्या द्रोणात विकत. आता प्लास्टिकच्या ग्लासात मिळतात.

झाडांना पत्र्याच्या पाट्या ठोकल्या आहेत. अंजनीच्या पाटीवर ‘अंजन’ लिहिले आहे. अंजन हे वेगळे झाड, खानदेशातल्या कोरड्या डोंगरांवरचे. पाटीखाली देणगीदाराचे नाव आहे, ते अचूक असावे.

हे दिवस बाळहिरड्याचे. अंगणात हिरडा वाळत पडलेला असतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आले. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरड्याची झाडे मुळासकट पडली. राईतलीही पडली. त्या खड्ड्यांत आता गिरिपुष्प आहे. ते लवकर वाढते.

भीमाशंकर अभयारण्य १९८५चे. ते शेकरासाठी ओळखले जाते. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जाते. रस्त्याने फांद्यांची सलग वाट तुटली. अलीकडच्या बाजूला तीन घरटी दिसली. तिन्ही जुनी होती.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांची यादी केली. ती १९८१मध्ये छापून आली. नंतरच्या याद्या अधिक लांब आहेत. राया वाढल्या नाहीत, मोजणारे वाढले.

दुपारी आत गारवा असतो. पूर्वी झऱ्याचा आवाज देवापर्यंत येई. झरा आता होळीपर्यंत टिकतो. दगडी कुंडीत पाने आहेत. शेजारी पाण्याची टाकी आहे, काळी, हजार लिटरची. तिला नळ आहे. नळाला कुलूप आहे.

मधोमध गारंबीचा वेल आहे. बुंधा माणसाच्या मांडीएवढा. तो तीन झाडांवर चढला आहे. शेंग हातभराहून लांब होते. गुरांच्या दुखण्यावर तिची साल देत. लांबच्या गावांतून माणसे साल मागायला येत. आधी देवाला विचारत, मग हवी तेवढीच काढत. बुंध्यावर जुन्या कापांच्या खुणा आहेत. त्या भरून आल्या आहेत. नवी खूण नाही. खालच्या वाडीत आता चार घरांत गुरे आहेत.