लाकडी गाडीची कोलांटउडी

अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहरानजीक, ‘किंग्ज आयलंड’ नावाचे विस्तीर्ण क्रीडोद्यान आहे. तेथील दाट झाडीतून ‘द बीस्ट’ ही लाकडी रोलर-कोस्टर १९७९ सालापासून धावत आहे. २००० साली तेथेच तिचा पुत्र, ‘सन ऑफ बीस्ट’, अवतरला. उंची २१८ फूट. शिवाय प्रवाशांना क्षणभर उलटे करणारे ११८ फुटांचे पोलादी वर्तुळ! आधुनिक लाकडी गाडीचे हे पहिलेच धाडस. ते अनुभवावयास कोण उत्सुक होणार नाही?

परंतु वाचकहो, लाकूड भाराखाली लवते, उन्हापावसाने फुगते, आक्रसते. ताशी ७८ मैलांचे तडाखे ते किती काळ सोसणार, ही शंकाही तितकीच रास्त होती. जुलै २००६ मध्ये लाकडी आधार भंगला आणि २७ जण जखमी झाले. पुढे हलके डबे लावता यावेत म्हणून वर्तुळ काढण्यात आले. २००९ मध्ये गाडी थांबली, २०१२ मध्ये सांगाडाही उतरविला गेला.

मग ते स्वप्नच खोटे होते काय? नव्हे. २०१३ साली मिसूरी राज्यात, ब्रॅन्सन येथे, ‘आउटलॉ रन’ ही लाकडी गाडी प्रवाशांना तीनदा उलटे करीत धावू लागली. तिच्या लाकडी रुळांवर जाड पोलादी पट्टी जडविली होती. रास्त शंका मनावर घेतली, तर ती आशेचा घात करीत नाही. तिला पाया देते.