घरापासून पाण्यापर्यंत

४ ऑगस्ट २०२४, रविवार, दीप अमावास्या

आज उधाण. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले एक आजोबा परवा म्हणाले होते, "तिथीची पाऊणपट करा, भरती कधी भरणार ते कळतं." अमावास्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. हा आडाखा मुंबईच्या किनाऱ्याचा. पाणी ठाण्यापर्यंत आत चढायला आणखी वेळ घेतं. तो वेळ किती, हे मला पुस्तकात सापडलं नाही. ते पाण्यावर राहून कळतं. दुपारी कळव्याच्या पुलावर थांबलो. पाणी तिवरांच्या मुळांत घुसून वर आलं होतं. पुलावरून जाणाऱ्या एकाही गाडीचा वेग कमी झाला नाही. हे शहर खाडीवर वसलं, पण आता खाडीकडे कुणी बघत नाही.

५ ऑगस्ट, सोमवार

मराठी ग्रंथसंग्रहालयात बसलो. ही संस्था १८९३ची. ठाण्याबद्दल वाचायला याहून योग्य जागा नाही. शिलाहारांचं श्रीस्थानक, मार्को पोलोने नोंदवलेलं बंदर, १३२१मध्ये इथे मारले गेलेले फ्रान्सिस्कन साधू, पोर्तुगीजांचा किल्ला, १७३७मध्ये आलेले मराठे, १७७४मध्ये आलेले इंग्रज. तोच किल्ला पुढे तुरुंग झाला, आजही आहे. पानापानावर सत्ता बदलते. पण या सगळ्यांचा माल उतरवला कुणी? खाडीतल्या उथळ जागा, वळणं, ओढ ओळखून गलबतं धक्क्याला लावली कुणी? त्या माणसांना या पुस्तकांत प्रकरण नाही, जेमतेम एखादं वाक्य आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार

कल्याणला गेलो होतो. नाणेघाटातून उतरलेला माल पूर्वी या बंदरात यायचा. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे हा व्यवहार दोन हजार वर्षांच्या घरातला. दुर्गाडी किल्ल्याखाली शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली, तीही याच पाण्याच्या भरवशावर. उल्हास नदी कल्याणहून डोंबिवलीच्या मोठागावाजवळून ठाण्यापाशी पोचते. तिथून मोठा प्रवाह वसईकडे वळतो आणि एक चिंचोळी वाट कळव्यापाशी ठाण्याच्या खाडीला मिळते. रेल्वे येण्याआधी मुंबई, ठाणे, कल्याण एकमेकांशी याच पाण्याने बांधलेली होती.

येताना लोकलच्या दारात उभा होतो. मुंब्र्यानंतर खाडी आली, मग ठाणे स्टेशन. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून इथे आली. पुढच्याच वर्षी खाडीवर पूल टाकून रूळ कल्याणला नेले. शाळेत आपण हे अभिमानाने शिकतो आणि अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण हे रूळ चेंदणीच्या मधून गेले. आज ठाणे पूर्व चेंदणी आणि ठाणे पश्चिम चेंदणी असे दोन कोळीवाडे आहेत, मध्ये स्टेशन. सोळा एप्रिलच्या कार्यक्रमांत दरवर्षी इंजिनांची नावं घेतली जातात. ज्या गावाच्या अंगावरून ती गेली, त्याचंही नाव त्याच व्यासपीठावर घेतलं पाहिजे.

१३ ऑगस्ट, मंगळवार, अष्टमी

भांग. पाण्याला जोर नाही, चढही कमी, उतारही कमी. अशा दिवशी भोकशी हे जाळं लावून फारसं हाती येत नाही, असं आजोबा म्हणाले. भोकशीला ओढ लागते. पाण्यानेच मासळी जाळ्याच्या पोटात ढकलायची असते. पाग मात्र माणसाच्या मनगटावर चालतो. पाग फेकताना जाळं हवेत गोल उघडलं पाहिजे, नाहीतर ते गोळा होऊन पडतं.

"जिताडा मासा मिळतो?" मी विचारलं.

"हाय, पन कवातरी. पयलं रोज."

त्यांच्याकडे कारणं तयार होती. पलीकडच्या काठाने ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आले, शहरांचं सांडपाणी आलं, गाळ भरला. चेंदणी बंदर रस्त्यावरच्या बांदोडकर महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी कित्येक वर्षं हीच खाडी तपासली. गाळ, तिवरं, मासे, सगळं मोजलं. त्यांचे अभ्यास आणि आजोबांचं बोलणं यांत फारसं अंतर नाही. गाळावर तिवरं पसरली. तिवरं हवीतच, कोळंबीची पिल्लं त्यांच्याच आडोशाने वाढतात. पण ती जिथे दाट झाली तिथे होडी लावायला जागा उरली नाही. २०१५मध्ये खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेला. फार चांगलं झालं. जगाने ज्या पाण्याची दखल घेतली, त्या पाण्यावर जगणाऱ्यांची दखल त्याच कागदावर का नसावी, हे मला कळत नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

मिरवणूक. ढोल, नऊवारी, सोनेरी नारळ, नाखव्यांच्या टोप्या. बँकेतले, कचेरीतले, महाविद्यालयातले कितीतरी जण आज कोळी वेशात होते. त्यांतल्या अनेकांनी आयुष्यात जाळं ओढलेलं नाही. त्याने काही बिघडत नाही. नारळ खाडीला द्यायला ते आले, हे मोलाचं आहे.

२१ ऑगस्ट, बुधवार

एका आजींकडे गेलो. विषय निघाला सीमांकनाचा. कोळीवाड्याच्या हद्दी नकाशावर आखून घराखालची जमीन नावावर करा, ही किनाऱ्यावरच्या सगळ्याच कोळीवाड्यांची जुनी मागणी आहे. मी म्हटलं, "घरं मोजली की झालं ना?"

त्या एकदम सरसावून बसल्या. "घरां मोजून काय करशील? जाली सुकवाची जागा कुठं मांडशील? होरी वर वढाची? म्हावरा वालवाची?"

खरी गोष्ट ही आहे. घराला भिंती असतात, म्हणून ते नकाशावर सहज चढतं. ओटीवरून निघून जाळ्यांच्या वाळवणातून धक्क्यापर्यंत जाणारी वाट मोकळी असते, म्हणून ती रिकामी जागा समजली जाते. आधी किल्ला, मग रूळ, मग रस्ते आणि भराव, सगळे याच मोकळ्या जागेवर आले. कोळीवाडा मोजायचा तर मोजणीची फीत घराच्या उंबऱ्यावर धरून दुसरं टोक भरतीच्या पाण्यापर्यंत न्यायला हवं, तेही उधाणाच्या दिवशी. आजींना विचारून मी त्यांच्या आठवणीतल्या वाळवणाच्या जागा वहीत मांडायला घेतल्या आहेत. पहिली जागा आता स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याखाली आहे.