तबकडीवरचे नाव

२००५ साली आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींची लग्नगीते मी ध्वनिमुद्रित करून सीडीवर उतरविली आणि त्यांच्या नावाचे कागदी लेबल मोठ्या प्रेमाने तिच्यावर चिकटविले. मावशी देवाघरी गेल्यावर त्यांच्या लेकीने ती सीडी मागितली. वसईच्या दमट हवेत लेबल फुगले होते. ते सोलताना चकाकणारा थरही निघून आला. मावशींचा आवाज कायमचा गेला.

आपण सीडीची चकाकती बाजू जपतो. पण तिचे मर्म नावाच्या बाजूस असते. १.२ मिलिमीटर जाडीच्या तबकडीत रंगद्रव्याचा व धातूचा थर त्याच बाजूस, अगदी पातळ लेपाखाली असतो. म्हणून बॉलपेन नको, लेबलही नको. पाण्याच्या शाईच्या मऊ पेनाने मधल्या पारदर्शक कड्यावर नाव लिहावे. तबकडी कडेने धरावी, उन्हापासून दूर ठेवावी, मधून कडेकडे सरळ पुसावी. लेबल एकीकडे सरकले तर फिरणारी तबकडी डगमगते व यंत्रावरही ताण येतो.

त्या लेकीने मला दोष दिला नाही. म्हणूनच हे लिहिणे मला भाग पडले. आपल्या घरी कुणाचा आवाज असा जपलेला असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवा.